सोलापुरात पाहिलेली हंगेरी

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं निदान एकदा तरी विमानात बसलं पाहिजे, अशी आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत समजूत आहे. आमचे एक गुरुजी रेल्वेनं आणि बसनं नेपाळला जाऊन आले. ते वर्णन आम्ही इतक्यांदा ऐकलंय, की आता पशुपतिनाथालाही कंटाळा आला असेल. मी गेले अकलूजहून सोलापूरला. जिल्ह्याच्या गावाला काय लोक कोर्टकचेरीला नि लग्नाच्या बस्त्यालाही जातात. पण त्या तीन दिवसांत मी हंगेरी नावाचा देश पाहिला आणि स्वतःच्या वडिलांना प्रथमच नीट पाहिलं. म्हणून हे धाडस.

निमित्त झालं एका प्रदर्शनाचं. हंगेरीच्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाच्या बादशहाविरुद्ध स्वातंत्र्याचा लढा दिला होता. त्याची चित्रं, नकाशे, कपडे, हत्यारं असं सगळं तिथल्या एका वस्तुसंग्रहालयानं आपल्याकडं धाडलं होतं, आणि गावोगाव फिरत ते सोलापुरात येऊन पोचलं होतं. "इतिहास तुम्ही शिकवता, तुम्हीच बघून या," असं हेडमास्तर म्हणाले. आमच्या पुस्तकात हंगेरीवर एक परिच्छेद आहे, आणि परीक्षेला येत नाही म्हणून मुलं तोही गाळतात. पण मला सोलापूरला जायला कारण हवंच होतं. का, ते सांगते.

केम

आधी केमला गेले. तिथं माझा भाऊ शेती करतो आणि आबा, म्हणजे आमचे वडील, त्याच्याकडं असतात. अकलूज सोडेपर्यंत उसाचा हिरवा रंग डोळ्यांत मावत नव्हता. कालव्याचं पाणी संपलं तसा तोही संपला. दुष्काळाचं वर्ष. रस्त्याच्या कडेनं बायका खडी फोडत बसलेल्या, जवळच तीन काठ्यांवर लुगडं टाकून केलेल्या सावलीत पोरं निजलेली. बसमध्ये मी उसाचं कांडं सोलून खात होते, ते मला पिशवीत टाकावंसं वाटलं.

केम कुंकवासाठी नावाजलेलं. तिथून कुणी परगावी निघालं, की कुंकवाच्या दोनचार पुड्या घेतल्याशिवाय निघत नाही. कुणाकडं उतरणार, तिथं बाई सवाष्ण आहे की नाही, याचा विचार नंतर. पुड्या आधी. मी निघताना आबांनी चार पुड्या कोटाच्या खिशात घातल्या आणि म्हणाले, "मी बी येतो."

"तुम्ही कशाला आबा? उन्हाचं?"

"डाक्टरला डोळं दाखवायचंत."

आबा पंच्याहत्तरीला टेकलेत. पण बांधापलीकडच्या शेरडांतलं कुठलं आपलं आणि कुठलं शेजाऱ्याचं, हे त्यांना ओसरीवरून दिसतं. वहिनीनं माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. आबा गाडीत बसले, पंचा झटकून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "गंगीकडं जायाचं न्हाय. आदीच सांगतो."

गंगी म्हणजे माझी आत्या, आबांची धाकटी बहीण. सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहते. आबा तिच्याशी चाळीस वर्षांवर बोललेले नाहीत.

आम्हीही पूर्वी सोलापूरचेच. इंग्रजांच्या अमदानीत आबा तिथं कलेक्टर कचेरीत पट्टेवाले होते. छातीवर तिरका लाल पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. तीस सालच्या मार्शल लॉच्या दिवसांत सरकारचे जाहीरनामे भिंतींना चिकटवायचं काम त्यांच्याकडं होतं. मग सोलापूरच्या चौघांना इंग्रजांनी फाशी दिली. ती बातमी गावात आली त्याच आठवड्यात संक्रांत पडली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. आबा कचेरीतून तसेच, पट्ट्यासकट, माझं बोट धरून आत्याकडं गेले आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणाले, "गोड बोल." आत्यानं हाताकडं बघितलं, बिल्ल्याकडं बघितलं, आणि तिळगूळ परत आबांच्या डब्यात ठेवला. बोलली काहीच नाही. चाळीतल्या बायका बघत होत्या. आबा वळले ते वळलेच. महिन्याभरात त्यांनी करमाळ्याला बदली मागून घेतली, पुढं केमला जमीन केली. आत्याचे यजमान वारले तेव्हा आबा सोलापूरला गेले, स्मशानात लांब उभे राहिले आणि घराकडं न जाता परतले.

संक्रांतीचा तिळगूळ परत करणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. तोंडावर दार लावलेलं बरं.

मी मात्र मे महिन्याच्या सुट्टीत कधीमधी आत्याकडं जाते. ती विचारते, "दादा बरा हाय न्हवं?" आणि मी बरा म्हटलं, की चुलीकडं वळते. एकदा मी तो विषय काढला तर "झालं गेलं" एवढंच म्हणाली. या हिवाळ्यात ती मोठ्या दुखण्यातून उठली, अंगावर हाडं तेवढी राहिली. दोघांपैकी एक जण गेल्यावर दुसऱ्यानं स्मशानात लांब उभं राहायचं, हे मला नको होतं. आबांना तिच्या दारात नेऊन उभं करायचं, हे माझं सोलापूरचं खरं काम होतं.

सोलापूर, नवी पेठ

स्टेशनबाहेर टांगेवाल्यानं हाक दिली, "आव अम्मा, काँ जाना?" त्या एका वाक्यासरशी मी परकरातली झाले. आमच्या अकलूजला गाडीवाला असं लाडात विचारत नाही. तो आधी पिशव्यांकडं बघतो.

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वरच्या लॉजमध्ये उतरायची सोय होती. लहानपणी आई मला याच पेठेत हात घट्ट धरून आणायची आणि काही न घेता सगळी दुकानं बघून परत न्यायची. दुकानं बदलली, पाट्या बदलल्या, नव्या कापडाचा खळीचा वास तोच आहे. मी जिन्यात उभी राहून तो वास घेत होते. मागून एक हमाल गठ्ठा घेऊन आला आणि "बाई, वाट सोडा की," म्हणाला, तेव्हा भानावर आले.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला. आमच्या घरी घड्याळ नव्हतं. भोंग्यावर आई भात टाकायची, भोंग्यावर आम्ही खेळ मोडायचो. मला वाटत होतं मी तो आवाज विसरले असेन. पण हातातलं पाण्याचं भांडं तसंच ठेवून मी खिडकीशी गेले, आणि बघते तर आबा आधीच तिथं उभे.

जेवायला एका पद्मसाळी बाईंच्या खानावळीत गेलो. बाई आत स्वयंपाक्याशी तेलुगूत बोलत, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि चिडल्या की कानडीत. भाकरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची, घशाखाली उतरेना. पण वर शेंगांची चटणी आणि दही होतं. तशी चटणी मी अकलूजला सतरांदा करून पाहिली. उखळ बदललं, शेंगा बदलल्या, सासूबाईंचे टोमणे ऐकले. जमत नाही ती नाहीच.

जेवून आबा पुढं आणि मी मागं असे फिरलो. ते जाहीरनाम्यांच्या भिंती दाखवत होते. "हितं चिटकावला. त्या कोपऱ्यावर दोन. हितं सकाळी चिटकावला की दुपारपतूर कुनीतरी फाडायचं, मग पुन्यांदा." मी म्हटलं, "आबा, चाळ इथून जवळच आहे." ते म्हणाले, "पाय दुकत्यात," आणि लॉजकडं वळून असे भराभर चालले, की माझेच पाय दुखले.

प्रदर्शन

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला गेलो. दारावर लाल, पांढऱ्या, हिरव्या फितींची फुलं लावलेली. तो त्यांचा झेंडा. आत भिंतीभर मोठमोठी चित्रं, काचेत घोडेस्वाराचा गोंड्यांचा डगला, वाकडी तलवार, जुने छापील जाहीरनामे. देवळातल्या घंटा वितळवून त्यांनी तोफा ओतल्या, त्याचं एक चित्र होतं. आमच्याकडं देवळाची घंटा वितळवायची म्हटलं, तर आधी विश्वस्त मंडळाचा ठराव करावा लागेल.

लोक सेनापतींच्या चित्रांपुढं गर्दी करत होते. आबा मात्र एका कोपऱ्यातल्या चित्रापुढं थांबले. त्यात रस्त्यावर धावणारे लोक, बंदुका, धूर, आणि पार मागं एक माणूस शिडीवर चढून भिंतीला कागद लावत होता. त्याचा चेहराही चित्रकारानं काढला नव्हता. आबा त्याच्याकडं कितीतरी वेळ बघत होते.

"ह्यो कुनाचा मानूस?" त्यांनी विचारलं. "लोकांचा का बादशहाचा?"

मी चित्राखालची पाटी वाचली, तिथंही ते लिहिलं नव्हतं.

प्रदर्शनाबरोबर हंगेरीहून एक बाई आल्या होत्या. इलोना त्यांचं नाव. चाळिशीच्या, उन्हानं नाक सोललेल्या, हसऱ्या. त्या इंग्रजीत बोलत आणि कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक त्याचं मराठी करत. ते मराठी इतकं शुद्ध, की आबा हळूच मला म्हणाले, "आता ह्येचं आपल्यात सांग." इलोनाबाई म्हणाल्या, आमच्याकडं आडनाव आधी, नाव मागून. आबांना ते फार पटलं. "कचेरीत बी तसंच आसतंय," ते म्हणाले.

मग आबांना पुड्यांची आठवण झाली. एवढ्या लांबून बाई आलीय, मोकळ्या हातानं कशी जाऊ द्यायची? त्यांनी एक पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. बाईंनी पुडी उघडली, डोळे मोठे केले, "पाप्रिका," म्हणाल्या, आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत बोट बुडवून जिभेला लावलं. प्राध्यापकांचा चेहरा कागदासारखा पांढरा. पाप्रिका म्हणजे त्यांची लाल मिरची. शरद ऋतूत त्यांच्या गावी घरांच्या भिंतींवर मिरच्यांच्या माळा वाळत टाकतात म्हणे. आबा म्हणाले, "आमी पत्र्यावर टाकतो." मी चिमूट घेऊन बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि खायचं नव्हे, हे खुणेनं सांगितलं. त्या तोंड वाकडं करत, हसत, कपाळ सांभाळत आरशात बघायला गेल्या.

दुपारी पाहुण्यांसाठी गोळीच्या बाटलीतला पिवळा लिंबूसोडा आला. ग्लासात ओतला तसा काठोकाठ फेस आला. मघाच्या कुंकवानं ओळख झाली होती, म्हणून आम्हालाही बोलावलं. प्राध्यापकांनी कुठं तरी पाहिलं असावं. ग्लास उंचावून बाईंच्या ग्लासावर किणकिणवायला ते पुढं झाले, आणि बाईंनी चटकन आपला ग्लास मागं घेतला. प्राध्यापकांचा हात तसाच हवेत राहिला. कानापर्यंत लाल झाले बिचारे.

बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. ग्लास खाली ठेवून त्यांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि सांगू लागल्या. लढा हरल्यावर बादशहानं त्यांच्या तेरा सेनापतींना एकाच दिवशी देहदंड दिला. तो देणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटून आनंद केला, अशी कथा आहे. तेव्हापासून हंगेरीच्या माणसांनी बिअरचा ग्लास ग्लासाला लावणं सोडलं. दीडशे वर्षं लावायचा नाही, असं ठरलं म्हणतात. "मी लहान होते तेव्हा वडिलांनी माझा हात असाच मागं ओढला होता," त्या म्हणाल्या. "हा सोडा आहे हे मला कळतं. पण फेस बघून हात आपोआप मागं आला."

प्राध्यापकांनी हे सगळं मराठीत केलं. मी ऐकताना भारावले होते, वर्गात कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव चालली होती. शेजारी आबांनी ग्लास ठेवून दिला.

"मास्तर, बाईला इचारा," ते म्हणाले. "समोरच्याला ठावं नसंल तर? त्याला वाटत न्हाय का, की आपल्याला झिडकारलं?"

बाईंनी ऐकलं आणि मान हलवली. प्राध्यापक म्हणाले, "त्या म्हणतात, वाटतं. म्हणून आम्ही लगेच सांगतो."

सोडा तसाच राहिला. बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. मी टांगा बघत होते, तोवर आबा रस्ता ओलांडून चालू लागले. लॉजकडं नाही. चाळीकडं.

गिरणीची चाळ

आत्या दारात बसून सुपात मिलोतले खडे वेचत होती. सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. दुखण्यानंतर तिला नीट दिसत नाही.

"कोन त्ये?"

"मी हाय."

आत्याचा हात सुपात थांबला. मी मागंच उभी राहिले. आता ती आत उठून गेली तर काय करायचं, हेच डोक्यात होतं. ती उठली नाही. खडे वेचू लागली.

"ये की. दारात का उबा?"

"बसत न्हाय. एक इचारायचंय, गंगे." आबांचा आवाज कचेरीत साहेबापुढं लागावा तसा लागला होता. "त्या संक्रांतीला माजा तिळगूळ तू परत ठिवलास. माजाच ठिवलास, का समद्यांचा?"

"समद्यांचा," आत्या म्हणाली. "गावातली चार मानसं फासावर गेली, आन् त्याच हप्त्यात मी त्वांड ग्वाड करू व्हय? तवाच सोडला. आजून खात न्हाय."

मी मे महिन्यात येणारी. संक्रांतीला मी तिच्याकडं कधीच नव्हते. मला हे कसं कळावं?

"मग मला का न्हाय बोललीस?"

"बोलून दावायचं आसतं व्हय आसलं? आन् तुज्या छातीवर सरकारचा बिल्ला. चार बाया बघत हुत्या. मी त्वांड उगडलं आसतं तर दुसऱ्या दिशी तुजी नोकरी गेली आसती. मला वाटलं, तुला कळंल. पुन्ना आलाच न्हाईस, तवा वाटलं, माज्या घरी येन्याचा नोकरीला डाग लागंल म्हनून येत न्हाईस."

"मला वाटलं, सरकारचा कुत्रा म्हनून माज्या हातचं नगं झालं तुला."

आत्यानं सूप बाजूला सारलं. आबा हळूहळू खाली बसले, उंबऱ्याच्या बाहेरच, पायरीवर. पंच्यानं तोंड पुसलं.

"मला वाटलं तू रुसलीस," ते म्हणाले. "तू तर सुतकात हुतीस की गं. सुतकातल्या मानसाकडं आपुन हून जायाचं आसतं. आन् मी गाव सोडून जाऊन तुजी वाट बगत बसलो."

मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. पन्नाशीची बाई चाळीच्या गॅलरीत उभी राहून रडतेय म्हणून शेजारची पोरं बघायला आली.

आत्यानं पदरानं नाक पुसलं. आबा म्हणाले, "मी बी आता सोडतो तिळगूळ."

"तू कशाला? एका घरात एकानं धरलं तरी रग्गड," आत्या म्हणाली. "आत ये. उनात बसू नगंस."

घरात गेल्यावर आबांनी भिंतीवरच्या तिच्या यजमानांच्या फोटोपुढं हात जोडले. चहा झाला. त्यांच्या आईच्या हातच्या आंबट वरणावरून बोलणं निघालं. मला त्यात काही कळत नव्हतं, आणि त्यांना माझी गरजही नव्हती.

परत

त्या दिवशी आबा लॉजवर आले नाहीत. सकाळी त्यांची पिशवी घेऊन मी चाळीत गेले, तर जिन्यातच दोघांचा आवाज ऐकू आला. कडाक्याचं भांडण. आत्याचा आवाज चढलेला. "माज्या मालकाच्या मौतीला आलास, आन् माज्या दारात न्हाय आलास. मी त्या दिशी तीनदा बाहीर येऊन बगितलं." आबा म्हणत होते, "आन् तू आमची ही गेली तवा कुटं हुतीस?" ही म्हणजे माझी आई.

मी धावतच आत गेले. कालचं सगळं वाया गेलं असं मला वाटलं. दोघं समोरासमोर बसली होती, मध्ये चहाचे रिकामे कप. डोळे दोघांचेही लाल. मी म्हटलं, "आबा, चला आता. गाडीची वेळ झाली."

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत्यानं हातानं मला बाजूला केलं.

"तू जा शालू, तुजी गाडी चुकंल," ती म्हणाली. "आमचं लई ऱ्हायलंय."

मी आबांची पिशवी खुंटीला अडकवली, दोघांच्या पाया पडले आणि एकटीच स्टेशनवर गेले.